बांधीतला चाफा

उन्हात टिकणारं झाड दाखवा, असं मी नर्सरीवाल्याला म्हणालो तेव्हा तो मला हिरव्या जाळीच्या मांडवात घेऊन गेला. आत थंडगार. वरून नळ्यांतून पाण्याचे तुषार उडत होते, खाली पाय रुतत होते, आणि त्या न्हाणीत मांडून ठेवलेल्या एकेका कुंडीवर हात ठेवून तो सांगत होता, "हे फुल सन आहे काकाजी. हे बी फुल सन."

"याले ऊन चालते?"

"एकदम चालते."

"मंग जाळीखाली काहून ठेवलं?"

तो हसला. "बाहेर ठेवलं तं जळून जाईन ना."

माझा मुलगा मागे उभा होता. त्यानं माझा सदरा ओढला. सून बाजूला मोबाइलवर कोण्या बंगल्यासमोरच्या लॉनचे फोटो काढून बसली होती. "मामाजी, असं केलं तर किती छान दिसेल," ती म्हणाली. फोटोत दिसायला छानच होतं. आकाशात ढगही होते त्या फोटोत.

ही गोष्ट चैत्रातली. नर्सरीत जायची वेळ माझ्यावर कशी आली ते आधी सांगतो.

आमचं गाव सिहोऱ्याच्या बाजूला, धानाच्या बांध्यांच्या मधोमध. चारी बाजूंनी पाळ घालून पाणी कोंडलेलं धानाचं शेत म्हणजे बांधी. चौथीत शाळा सुटली आणि मी बांधीत उतरलो, तो अजून पुरता बाहेर निघालो नाही. घरामागची जागा मात्र बुढीची होती. बुढी म्हणजे माझी बायको. गेल्या हिवाळ्यात, खळ्यावर धानाचं चुरणं, म्हणजे मळणी, चालू असताना ती गेली. तीन दिवस ताप होता. चौथ्या दिवशी ताप नव्हता आणि तीही नव्हती.

बुढीनं जन्मात एक झाड विकत आणलं नाही. तिची झाडं निवडायची रीत वेगळी होती. नवतपा लागला की, म्हणजे उन्हाळ्याचे ते सगळ्यांत कडक नऊ दिवस जेव्हा कुत्रीही नालीत जाऊन पडतात, तेव्हा ती भर दुपारी डोक्यावर ओला पदर घेऊन गावात फिरायची. कोणाच्या आवारात कोणतं झाड उभं आहे ते पाहायची. पाणी घालणाऱ्या बाईचं झाड ती पाहतच नसे.

"आळशी बाईच्या घरचं पाहाचं," म्हणायची. "तिच्या हातून जे जगते ते कुठंबी जगते."

मग आषाढ लागला की त्या घरी जाऊन फांदी मागायची, नाहीतर न मागता आणायची. चोरलेली फांदी लवकर लागते असं बायांचं शास्त्र आहे, आणि चोरांच्या सोयीचं शास्त्र सहसा खोटं ठरत नाही. चिखला गावच्या खाणीत तिचा भाऊ होता. तिथल्या क्वार्टरामागे मँगनीजच्या काळ्या धुळीत कन्हेर उभी होती, तिची फांदी आली. पवनीला एका लग्नात गेलो तर ही नवरीचं तोंड न पाहता पदरात गुलबक्षीच्या बिया बांधून आली. मोगरा, कोरफड, मुनगा म्हणजे शेवगा, सगळं असंच आलं. आणि चाफा. पांढरा, आत पिवळा. चाफा कुठून आला ते तिनं मला कधी सांगितलं नाही, मीही विचारलं नाही.

आमचं भांडण एकाच गोष्टीवरून व्हायचं. पाण्यावरून. मोटर आपली, विहीर आपली, आणि ही बाई झाडांना तहानलेलं ठेवायची. मोगऱ्याला तर माघात एक थेंब द्यायची नाही, पानं गळेपर्यंत. मी म्हणायचो, पाणी असून कोणाले तहानेनं मारू नये. ती म्हणायची, "अजी, तुमी धानवाले. तुमच्या डोस्क्यात चिखल आहे. तुमी बांधीतच राहा." मी बांधीत राहिलो. तिच्या हयातीत मी त्या झाडांना हात लावला नाही म्हणून ती झाडं होती.

ती गेल्यावर लोक भेटायला आले. भेटायला येणाऱ्याला काहीतरी सांगितल्याशिवाय उठता येत नाही, म्हणून प्रत्येकानं सांगितलं, मन कशात तरी रमवा. एकानं भजनात सांगितलं, एकानं टीव्हीत. तेरवी झाल्यावर मुलगा नागपूरला परत गेला, आणि मी मन रमवायला कुदळ घेऊन मागच्या आवारात गेलो.

झाडांच्या बुडाशी खोदलं तर काय निघालं? फुटके कवेलू, म्हणजे छपराची कौलं, मुरूम, विटांचे तुकडे. प्रत्येक झाडाखाली बुढीनं असा मोडका माल भरून ठेवला होता. मला लाज वाटली. इतकी वर्षं धान पिकवणाऱ्याच्या घरी झाडं भंगारावर उभी. मी ते सगळं उकरून भिताडाजवळ ढीग केला आणि बोडीचा, म्हणजे शेततळ्याचा, काळा गाळ आणून बुडाशी भरला. वा, काय गाळ होता. खावासा वाटावा असा. मग प्रत्येक झाडाभोवती पाळ घातली, पायानं दाबून पक्की केली, आणि मोटर सुरू केली. चाफ्याभोवती तर अशी बांधी झाली होती की तिच्यात धान रोवता आलं असतं.

आठ दिवसांत चाफ्याचं खोड मऊ लागायला लागलं. मी म्हटलं, तहानला आहे. अजून पाणी दिलं. कोरफडीचा शेंबूड झाला. मुनगा एका साध्या वाऱ्यानं आडवा झाला, त्याची मुळं वर, आणि मुळांना वास. मोगरा आधी हिरवागार, फूल एक नाही, मग तोही पिवळा पडून गेला. मी रोज सकाळी उठून मोटर सुरू करत होतो आणि रोज संध्याकाळी पाहत होतो की काही मेलं का. शेवटच्या दिवशी बुढीला आम्ही चमच्यानं पाणी पाजत होतो तेव्हा ते ओठाच्या कडेनं बाहेर येत होतं. तरी मी पाजतच होतो. सुनेनं माझा हात धरला तेव्हा थांबलो. झाडांजवळ हात धरणारं कोणी नव्हतं.

एकट्या कन्हेरीला मी मारू शकलो नाही. चिखल्याची होती.

गुढीपाडव्याला मुलगा आला. त्यानं मागचं आवार पाहिलं, नाकाला रुमाल लावला आणि म्हणाला, "बाबा, इथं गट्टू टाकून टाकू."

गट्टू म्हणजे सिमेंटच्या त्या नक्षीच्या विटा. आता आमच्याकडे ग्रामपंचायतीपासून मसणवट्यापर्यंत गट्टूच गट्टू आहेत. माणूस मातीत जातो म्हणतात, पण गावात त्याला जायला माती ठेवायची नाही असं सगळ्यांनी मिळून ठरवलेलं दिसतं.

मी म्हटलं, "नाही. तुझ्या आईची झाडं आहेत."

"कुठं आहेत?"

मी कन्हेरीजवळ जाऊन उभा राहिलो. मग मीच म्हणालो, "एक उन्हाळा दे. पाऊस लागेपर्यंत हे आवार हिरवं दिसलं तं गट्टू नाही. नाही दिसलं तं टाक."

"शब्द देता?"

"देतो."

मुलगा वाईट नाही. कार ठेवायला जागा पाहिजे हे तो बोलला नाही, आणि मला कळलं हे मी दाखवलं नाही. उलट तोच म्हणाला, चला, चांगली झाडं आणू. म्हणून आम्ही त्या जाळीच्या मांडवात उभे होतो.

लॉन आलं. गुंडाळून आलं, सतरंजीसारखं. जन्मभर मी बांधीतलं गवत उपटायला बाया लावल्या, आता गवत अंथरायला माझ्या घरी माणूस आला. गुलाब आले, एक पाम आला, रंगीत पानांचे क्रोटन आले. नर्सरीवाला म्हणाला, आंध्रातून ट्रक येतो, माल एक नंबर. कुंडी फोडली तर आत मातीचा असा टणक गोळा की कुत्र्याला मारला असता तर कुत्रा मेला असता. तो गोळा मी माझ्या गाळात बसवला, पाणी वरून वाहून गेलं, आत एक थेंब शिरला नाही. बाजूला चिखल आणि मधे कोरडं. असं झाड मी आधी पाहिलं नव्हतं, जे एकाच वेळी बुडून आणि तहानेनं मरतं.

अक्षय तृतीयेला बुढीच्या नावानं पहिली घागर भरली. घागर भरून पाहतो तर लॉन पिवळं. चार दिवसांनी विटकरी. क्रोटनची रंगीत पानं गळाली आणि साध्या काड्या उरल्या. पाम शेवटपर्यंत उभा होता, पण तो मेलाच होता, फक्त त्याला कोणी सांगितलं नव्हतं. सुनेला फोन केला तर ती म्हणाली, "मामाजी, पाणी देत होते ना?"

मी फोन ठेवला.

नवतपा लागला. त्या दिवशी दुपारी मी ओसरीत पडून होतो. खाटेच्या पट्ट्यासुद्धा गरम लागत होत्या. पाऊस यायला पंधरा दिवस, फार तर वीस. मागे एक कन्हेर आणि चिखलाचे वाळलेले पापुद्रे. मला वाटलं, बुढी असती तर या वेळी कुठं असती? गावात असती. मी उठलो, दुपट्टा भिजवून डोक्याला गुंडाळला आणि निघालो.

पानठेल्यावर दोघं-तिघं बसले होते. या उन्हात म्हाताऱ्याला रस्त्यात पाहून त्यांची सोयच झाली.

"काकाजी, काय हरवलं?"

"झाडं पाहून राहिलो."

"सावलीले?"

"तुले दिसून राहिली का सावली कुठं? दिसली तं सांग, दोघं बसू."

मागे कोणीतरी म्हणालं की बुढी गेल्यापासून यांचं थोडं असंच आहे. मी ऐकलं नाही असं केलं. म्हातारपणाचा तेवढा एक फायदा आहे, लोक आपल्याला बहिरे समजतात.

पण त्या दुपारी मला गाव दिसलं, जसं बुढीला दिसत असेल. शिकलेल्या घरांसमोरच्या रंगीत कुंड्या, सगळ्यांत काड्या. शाळेजवळ वृक्षारोपणाचे लोखंडी पिंजरे रांगेत उभे, आतलं जनावर कधीच पळालेलं. पिंजऱ्यावर लावणाऱ्याचं नाव मात्र ताजं, रंगवून घेतलेलं. आणि जिथं कोणी काही लावलं नव्हतं तिथं झाडं होती. पिठाच्या गिरणीमागे उकिरड्यावर कन्हेर. पडक्या गोठ्यावर बोगनवेल, लाल भडक, जणू कोणी तिच्यासाठी रोज टँकर आणतं. नालीच्या काठी कोरड्या दगडात सदाफुली. मी एकेक पाहत तळ्याच्या पाळीपर्यंत गेलो.

पाळीखाली एका म्हातारीचं घर आहे. तिचा नवरा माझ्यापेक्षा मोठा, माझा जुना संगती, तोही वारला. म्हणून मी तिला वैनी म्हणतो, पण म्हणायची वेळ येत नव्हती, कारण तिच्यात आणि बुढीत बोलणं बंद होतं. का बंद होतं ते दोघींनाच माहीत. तिच्या घराची एक भिंत पावसात पडली होती, ती तिनं कधी उचलली नाही. त्या पडक्या भिंतीच्या ढिगावर चाफा उभा होता. मोठा, छपराच्या वर. अंगावर पानं थोडी, आणि फुलं इतकी की खाली पडलेली कोणी वेचतही नव्हतं. पांढरी, आत पिवळी.

दारात बसून ती चिंचा फोडत होती. "कोण आहे जी? भाऊजी?"

"हो वैनी."

"वाट चुकले का?"

"नाही. चाफा पाहून राहिलो."

"तुमच्या घरी आहे ना याचाच."

मी खाली पडलेलं एक फूल उचललं. ती चिंच फोडत म्हणाली, "तुमची बुढी चोर होती, भाऊजी. मेलेल्या माणसाले असं म्हणू नाही, पण होती. दुपारच होती. मी आत खाटेवर. तिनं येऊन फांदी मोडली, अन् पदराखाली झाकून गेली. मी जागीच होती."

"मंग बोलल्या काहून नाही?"

"बोलली असती तं पळाली असती. मले पाहाचं होतं, नीट मोडते का. नीट मोडली. पण तिनं मागं वळून पाहिलं अन् मी दिसली. त्या दिवसापासून तिनं बोलणं सोडलं. चोरी बी तिची, रुसवा बी तिचाच."

"तुमी तं बोलाचं."

"मी काहून बोलू? चाफा माझा गेला." मग म्हणाली, "तिच्या मातीले आली होती मी. मांगं बसली होती. तुमी कोणाले पाहून नव्हते राहिले." आणि लगेच, "तुमच्याकडचा कुठं गेला?"

"मेला."

"चाफा मरत नाही, जी. चाफा मारा लागते. काय केलं?"

"पाणी देलं."

"किती?"

मी सांगितलं. गाळाचं सांगितलं, पाळीचं सांगितलं, फुटके कवेलू उकरून काढले तेही सांगितलं. का सांगितलं माहीत नाही, मुलालाही मी हे सांगितलं नव्हतं. ती ऐकत राहिली आणि मग हसायला लागली. इतकी हसली की मांडीवरचं सूप कलंडलं आणि चिंचा अंगणात गेल्या.

"बांधी केली? चाफ्याले?"

"हो."

"रोवणा बी करून टाकाचा होता मंग." पदरानं डोळे पुसत ती म्हणाली, "तिनं ते कवेलू टोपल्यानं वाहून नेले होते माझ्याच भिताडाचे. पाणी खाली निघून जावं म्हणून. तेबी चोरूनच."

मी तिथंच चिंचा वेचायला बसलो. वर पाहिलं तर ती हसत नव्हती.

"फांदी द्या वैनी," मी म्हणालो. माझ्या घरातून त्या दारात मागायला गेलेला पहिला माणूस मीच.

तिनं स्वतः मोडली. हातभर, पाठीवर हात फिरवावा तसा तिच्यावर हात फिरवून, जून पाहून. तुटल्या जागेतून दूध गळायला लागलं.

"आता आयका. सावलीत भिताडाले टेकून ठेवाची. दहा दिवस. पाणी नाही, माती नाही, हात नाही लावाचा."

"दहा दिवस? वाळून जाईन."

"वाळूच द्याची. चीक पुरा सुकला पाहिजे. ओली रोवली का सडली."

जन्मभर आम्ही सकाळी उपटलेलं धानाचं रोप संध्याकाळच्या आत चिखलात रोवत आलो. रात्र गेली की रोप गेलं. आणि ही म्हणते, दहा दिवस भिताडाला टेकव. मी फांदी घेऊन घरी आलो. पदर नव्हता म्हणून दुपट्ट्याखाली झाकून आणली. पानठेल्यावरचे पाहत होते.

दहा दिवस काहीच न करणं हे मला येत नाही. बुढी गेल्यापासून मी एक दिवस रिकामा बसलो नव्हतो. पहिल्या दिवशी तीनदा जाऊन पाहिली. दुसऱ्या दिवशी हातात तांब्या होता, का होता ठाऊक नाही. तो मी चिमण्यांच्या पाण्याच्या ठिकरीत ओतला. चौथ्या दिवशी फांदीवर सुरकुत्या पडल्या, माझ्या हातासारख्या. मला वाटलं, संपली. तरी हात लावला नाही.

सहाव्या दिवशी मुलगा आला. सोबत मिस्त्री, आणि मागे ट्रॅक्टरवर गट्टू. आकाशात कुठं कुठं ढग होते. मुलगा मागच्या आवारात एक फेरी मारून आला. दिसतच होतं.

"शब्द होता बाबा."

"हो. हरलो मी. टाक."

त्याला वाटलं होतं मी भांडीन. तयारीनं आला होता बिचारा. आता त्यालाच कसंतरी झालं. मी त्याला भिताडाजवळची फांदी दाखवली.

"कन्हेर कोपऱ्यात राहू दे. अन् याले इथं एवढी जागा सोड."

"ही तर वाळलेली काडी आहे."

"चाफा आहे."

"मग कुंडीत लावू ना. चांगली मोठी आणतो."

"कुंडी नाही. कुंडी समोर दिसली का मी रोज पाणी देईन. अन् मारून टाकीन. तुझ्या आईची झाडं मीच मारली, उन्हानं नाही मेली. तुले सांगितलं नव्हतं."

 मग त्यानं पँट वर दुमडली आणि विचारलं, "खड्डा किती?"

मी सांगितलं तेवढा त्यानं खोदला, गाळ काढून फेकला. मी भिताडाजवळच्या ढिगातून कवेलूचे तुकडे आणि मुरूम टोपल्यात भरत गेलो, तो खड्ड्यात टाकत गेला. ऑफिसात बसणारा माणूस, दहा टोपल्यांत दम लागला. "हे आई करायची?" त्यानं विचारलं. मी म्हटलं, "हो. एकटीच." मग त्यानं पुढचं टोपलं उचललं.

दुपारपर्यंत आवार सपाट झालं आणि गट्टूंसाठी दोऱ्या लागल्या. मधे तेवढा एक चौकोन मोकळा, आणि तोही रिकामा, कारण फांदीचे चार दिवस बाकी होते. मिस्त्रीला ते पाहवत नव्हतं.

"काकाजी, झाड तं लावलंच नाही."

"लावू."

"बरं, उतार झाडाकडे देतो. पावसाचं सारं पाणी आपसुक झाडाले मिळन."

"नाही. उतार नालीकडे दे. झाडाकडे एक थेंब नाही आला पाहिजे."

त्यानं मुलाकडे पाहिलं. मुलगा हात धूत होता.

"लोक तं झाडाकडे मागते काकाजी."

"लोकाइले देजो. मले नालीकडे पाहिजे."

त्यानं खुंटी उपटली, दोरी सोडली आणि दुसऱ्या बाजूनं बांधायला घेतली.